दाणा निवडता येतो, पीठ नाही

शनिवार सकाळ म्हणजे आमच्या घरी माझी पाळी. बायको पेपर घेऊन गॅलरीत आणि मी ओट्यापाशी. गेली तीन वर्षं या पाळीला मी बहुतेक वेळा एकच पदार्थ करतो: कुट्टूचे गरम दाणे, म्हणजे बकव्हीट. ऐकणारा हमखास विचारतो, "आज उपवास का?" नाही हो, उपवास नाही. आणि माझी तक्रार नेमकी इथेच सुरू होते.

मुलीला सीलिॲक आहे असं निदान झालं आणि आमच्या नाश्त्याचा अर्धा मेनू एका दिवसात डिलीट झाला. रव्याचा उपमा, शिरा, पोळी, ब्रेड, सगळं बंद. पोहे वाचले म्हणून आनंद झाला, तर कळलं की डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं! (तुमच्या घरची डबी उलटी करून बघा.) मग कुणीतरी सुचवलं, नवरात्रात कुट्टूचं पीठ मिळतं, ते आणा. नावात 'व्हीट' असलं तरी त्याचा गव्हाशी काही संबंध नाही. हे खरं आहे. ते गवताच्या कुळातलं धान्यच नाही, आपल्या आंबट चुक्याचं भावंड आहे. उत्तरेत ते उपवासाला चालतं ते याचमुळे.

सुटं पीठ आणलं, थालीपीठ लावलं, पोरीने आवडीने खाल्लं आणि संध्याकाळपासून पोट धरून बसली. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला विचारलं, "हे दळायच्या आधी गिरणीत काय दळलं होतं?" तो म्हणाला, "साहेब, उपवासाचं आहे, एकदम शुद्ध."

त्याचं काही चुकलं नव्हतं. फक्त त्याचा 'शुद्ध' आणि माझा 'शुद्ध' वेगळा होता. उपवासाला चालणं ही एक अट आणि गव्हाचा कणही नसणं ही दुसरी. पहिली पास झाली म्हणून दुसरी पास झाली असं होत नाही. शिवाय कुट्टूच्या पिठात तेलाचा अंश असतो, ते जुनं झालं की खवट होतं. मागणी वर्षातून दोनदा, त्यामुळे जुना माल आणि भेसळ यांना मोकळं रान. २०११ च्या चैत्र नवरात्रात दिल्ली आणि आसपास शेकडो लोक हे पीठ खाऊन आजारी पडले होते, आणि तशा बातम्या नंतरही येत राहिल्या. आपल्याकडे भगरीच्या पिठाचं वेगळं काय होतं?

यावर उपाय मला आठवला तो मॉस्कोतला. २०१८ मध्ये कामासाठी तिथे तीन आठवडे होतो. कँटीनमध्ये सकाळी भाजलेल्या कुट्टूच्या दाण्यांची गरम 'काशा' असायची, वर लोण्याचा गोळा. कुणाचा उपवास नाही, कुणाला 'सुपरफूड'चं कौतुक नाही. आपल्याकडे वरणभात तशी तिकडे ग्रेच्का. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने रशियात दुकानांमधली जी फळ्यांवरची खणं रिकामी झाली, त्यात हिचं खण होतंच. आणि हे लोक पीठ नाही, दाणा शिजवतात.

दाणा ताटात पसरून डाळीसारखा निवडता येतो. गव्हाचा दाणा, खडा, कीड, सगळं डोळ्यांना दिसतं. पिठात काही दिसत नाही. आमच्या भाषेत, दाणा म्हणजे सोर्स कोड आणि पीठ म्हणजे बायनरी. विश्वास ठेवायचा तर आधी वाचता आलं पाहिजे.

कृती सोपी आहे. काळं टरफल काढलेले, फिकट हिरवट तिकोनी दाणे घ्या (टरफलासकटचे शिजत नाहीत). एक वाटी दाणे निवडून कोरडेच मंद आचेवर बदामी रंगावर भाजा. खमंग वास सुटला की दोन वाट्या उकळतं पाणी, मीठ, झाकण, बारीक गॅस, पंधरा मिनिटं. मधे ढवळू नका, लगदा होतो. मग गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच ठेवा. वरून साजूक तूप. दुसऱ्या आठवड्यापासून जिरं-मिरची-कढीपत्त्याची फोडणी, शेंगदाणे, लिंबू (हिंग अर्थातच नाही). पहिल्यांदा थोडंच खा. काहींना याची ॲलर्जी असते, जपानमध्ये तर पाकिटावर तसं छापणं सक्तीचं आहे.

हे ज्वारी-नाचणीपेक्षा महाग आहे, आणि त्यांच्याऐवजी खा असं मी म्हणत नाही. ज्वारीही आम्ही आता आख्खीच आणतो आणि घरच्या चक्कीवर दळतो. माझं म्हणणं एवढंच, की उपवासाचा शिक्का हा तपासणीचा शिक्का नव्हे. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याने धान्य आपल्या ताटात पसरून बघावं.

पोरीचं पहिलं मत "बाबा, याला पावसातल्या मातीचा वास येतो" असं होतं. आता डबा उघडल्याचा आवाज आला की स्वतःच ताट घेऊन निवडायला बसते. गेल्या शनिवारी तिने गव्हाचे दोन दाणे शोधून काढले. मला दिसले नव्हते.

असो. तूप वितळतंय, निघतो.