पेढीची चोपडी आणि घराची किल्ली

पूर्वी कचेरींतील कारकून अपुरें राहिलेलें काम घरीं आणीत असे. दप्तर रुमालांत बांधून तो तें माजघरांतल्या फडताळांत ठेवी, मुलांचे हात तेथवर पोंचूं नयेत एवढी काळजी घेई, आणि सकाळीं जसेंच्या तसें परत नेई. त्या दप्तराची जबाबदारी त्याच्यावर होती हें खरें. परंतु दप्तर घरांत आलें म्हणून साहेबानें शिपाई पाठवून त्याच्या बायकोच्या पेट्या मोजविल्या, किंवा नोकरी सुटतांच त्याचें सगळें घर रिकामें करविलें, असें कोणाच्या ऐकिवांत नाहीं. सांप्रत मात्र नेमकें तेंच होत आहे, आणि 'मान्य' या एका शब्दावर बोट ठेवून तें आपणच होऊं देत आहों.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ एका खासगी कंपनींत ९ वर्षें नोकरीस होते. कंपनीनें त्यांना फोन दिलेला नव्हता. २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी आली आणि कचेरीचें टपाल प्रत्येकानें आपापल्या फोनवर घ्यावें असा हुकूम सुटला. तें घेतेवेळीं फोनच्या पडद्यावर एक सूचना उमटली. पूर्वसूचना न देतां या यंत्रांतील सर्व कांहीं पुसून टाकण्याचा अधिकार कचेरीस द्यावा लागेल, असा तिचा आशय होता. घरांत मुलाचा अभ्यास, आईचें औषध आणि बँकेचा निरोप हीं सारीं त्याच फोनवर चाललेलीं. गृहस्थांनीं घाईंत मान्यता दिली. दोन वर्षांनीं त्यांनीं नोकरी सोडली आणि त्याच संध्याकाळीं फोन कोरा झाला. कंपनीचें टपाल गेलें तें योग्यच झालें. परंतु त्याबरोबर त्यांच्या दिवंगत वडिलांच्या आवाजांतील ध्वनिमुद्रणेंही गेलीं, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेंच नव्हती. कंपनीचें उत्तर मोठें नम्र होतें : आपण संमति दिलेली आहे!

पोटाची भाकरी एका पारड्यांत घालून दुसऱ्यांत सही मागावयाची, आणि त्या सहीस संमति म्हणावयाचें, हा शब्दाचा उघड अपमान आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठानें २०१७ सालीं पुट्टस्वामी खटल्यांत खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढें २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला; त्यांत नोकरीच्या प्रयोजनासाठीं व धन्यास नुकसानीपासून वांचविण्यासाठीं संमतीवांचूनही माहिती वापरण्याची मुभा ठेविली आहे. ही मुभा सरसकट वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. व्यापारी गुपितें खरोखरच चोरीस जातात. परंतु आपलें गुपित राखण्यासाठीं दुसऱ्याच्या बापाचा आवाज पुसावा लागतो, असें कोणता शहाणा म्हणेल?

येथें सुरक्षिततेचे कैवारी हटकून एक युक्तिवाद पुढें करतात. पूर्ण ताबा नसेल तर पूर्ण सुरक्षितता नाहीं, म्हणून नाइलाज आहे, असें ते म्हणतात. हा नाइलाज बराच जुना होऊन गेला आहे. अँड्रॉइडच्या पांचव्या आवृत्तींत, म्हणजे २०१४ सालींच, एका फोनमध्यें कामाचा आणि घरचा असे दोन स्वतंत्र कप्पे करण्याची सोय आली. कामाच्या ॲपांवर एक लहानशी पेटी काढलेली दिसते ती त्याचीच खूण. ॲपल कंपनीनें २०१९ सालीं वैयक्तिक आयफोनसाठीं अशीच व्यवस्था केली. तींत कचेरीच्या मजकुराला वेगळी जागा असते, आणि सगळा फोन पुसण्याचा अधिकार कचेरीस मिळतच नाहीं. याहीपुढें जाऊन मायक्रोसॉफ्टच्या इंट्यून या व्यवस्थेंत फोन कचेरीच्या वहींत नोंदविल्यावांचूनच केवळ ॲपवर निर्बंध घालतां येतात. ॲप उघडण्यास निराळा आंकडा लागतो. आंतील मजकूर सांकेतिक रूपांत साठविला जातो. कचेरीच्या पत्रांतील ओळ उचलून ती घरच्या व्हॉट्सॲपवर डकवूं म्हटल्यास डकवितां येत नाहीं. फोनची मूळ कुलपें कोणीं मोडलीं असल्यास ॲप उघडण्यासच नकार देतें. आणि माणूस नोकरी सोडून गेला कीं, तेवढाच मजकूर पुसला जाऊन घरचीं छायाचित्रें जागच्या जागीं राहतात. पेढीनें आपल्या चोपडीस कुलूप घालावें, हवें तर दोन घालावींत. घराची किल्ली मागण्याचें मग कारण काय उरलें?

कारण एकच, आणि तें यंत्राचें नसून स्वभावाचें आहे. चोपडीपुरतें कुलूप घालावयाचें तर चोपडींत काय आहे, कोणतें पान कोणास दाखवावयाचें, याचा विचार करावा लागतो. सगळें घरच ताब्यांत घेतलें म्हणजे विचाराचे श्रम वांचतात. आणि ज्या कचेऱ्या शिपायाच्या फोनवर असा पहारा बसवूं पाहतात, त्यांतल्याच कित्येकींचे वरिष्ठ पगाराचीं पत्रकें व्हॉट्सॲपच्या गटावर टाकून मोकळे होतात, हें आम्हीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. ही शिस्त म्हणावी कीं सोंग, वाचकांनींच ठरवावें.

या कुलपांची मर्यादा आम्ही लपवीत नाहीं. फोनमध्येंच हेरगिरी करणारी आज्ञावली शिरली तर ती पडद्यावरचें वाचूं शकते, आणि मग ॲपच्या कुलपाचा फारसा उपयोग होत नाहीं. पडद्याचें छायाचित्र दुसऱ्या फोननें काढणारासही कोणी अडवूं शकत नाहीं. नोकरदारही सगळेच कांहीं सोंवळे नाहींत. फोनचा आंकडा १२३४ ठेवणारे, आणि सुरक्षिततेची सुधारणा 'उद्यां' म्हणून वर्षभर ढकलणारे आमच्या घरोघरीं आहेत. त्यांची वकिली आम्ही करणार नाहीं. परंतु ज्या कामाचें गुपित इतकें नाजूक आहे कीं पूर्ण पहाऱ्यावांचून चालतच नाहीं, त्या कामासाठीं कचेरीनें स्वतःच्या पैशानें फोन विकत घ्यावा आणि त्यावर हवा तेवढा पहारा बसवावा. तेथें आमची तक्रार नाहीं. फोन नोकराचा, भरणा नोकराचा, दुरुस्ती नोकराची आणि हुकूम मात्र धन्याचा, हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानें २०१४ सालींच निर्णय दिला कीं, कामासाठीं स्वतःचा फोन वापरावा लागत असेल तर त्याच्या खर्चाचा वाजवी हिस्सा धन्यानें दिला पाहिजे. आपल्याकडे नुसता हा प्रश्न विचारणाराही हेकट ठरतो.

आणि हा केवळ शहरांतील कंपन्यांचा प्रश्न आहे असें समजणें चूक होईल. २०२१ सालीं महाराष्ट्रांतील अंगणवाडी सेविकांनीं सरकारनें दिलेले निकृष्ट फोन परत केले. 'पोषण ट्रॅकर' या ॲपांतील इंग्रजीबद्दलही त्यांची तक्रार होती. सरकारी फोन चालत नाहीं म्हटल्यावर काम येतें तें स्वतःच्या, नाहीं तर घरांतल्या कोणाच्या तरी फोनवर. आतां पाहा, त्या नोंदींत असतें काय? गरोदर बायांचीं नांवें, तान्ह्या मुलांचीं वजनें, आधारचे आंकडे. संध्याकाळीं त्याच फोनवर सेविकेचा मुलगा खेळ खेळत असेल, तर दोष त्या मुलाचा नाहीं, सेविकेचाही नाहीं. येथें कोणीं पहारा बसविला असें नव्हे. येथें चोपडीलाच कुलूप नाहीं, आणि ती चोपडी दुसऱ्यांच्या लेकराबाळांची आहे. धन्याचा माल असला कीं घर झडतीस घ्यावयाचें, आणि गरिबाची माहिती असली कीं ती उघड्या ओसरीवर ठेवावयाची, या दोन टोंकांमध्यें आपल्या कचेऱ्यांचें सगळें सुरक्षाशास्त्र झोके घेत आहे!

तेव्हां पुढच्या खेपेस असा हुकूम घरीं आला, तर 'मान्य'वर बोट ठेवण्यापूर्वी इतकें तरी विचारावें : तुम्ही माझा फोन पाहणार कीं केवळ तुमचें ॲप? माझ्या ॲपांची यादी तुम्हांस दिसणार काय? मी गेल्यावर काय काय पुसणार? उत्तर तोंडीं घेऊं नये, लेखी मागावें. वर ज्यांची हकीकत सांगितली त्या गृहस्थांस नव्या नोकरींतही तसाच नमुना भरण्यास आला. त्यांनीं तो सही न करतां, हे तीन प्रश्न समासांत लिहून परत पाठविला. त्यास आज दीड महिना झाला; उत्तर आलेलें नाहीं, आणि कचेरीचें टपाल ते तूर्त कचेरींतच बसून वाचतात.