निझव्याचं पाणी



फेब्रुवारी २०२५ मध्ये मी बारा दिवस ओमान देशात जाऊन आले. लिहीन लिहीन म्हणता राहूनच गेलं. परवा वस्तीतल्या दोन बायांनी नळावर गाठलं आणि विचारलं, "ताई, पोराला गल्फला पाठवावं का? तुम्ही तर बघून आलात." म्हणून आज तेच लिहायला बसले.

खरं तर हाच प्रश्न घेऊन मी गेले होते. भावाचा थोरला मुलगा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, २०१६ पासून तिकडे आहे. आता धाकट्यानंही हट्ट धरला. भाऊ म्हणाला, "अक्का, तू एकदा डोळ्यांनी बघून ये. तू सांगशील ते मी करीन." तिकीट भाच्यानं काढलं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. त्याची गंमत पुन्हा कधीतरी.

भाचा राहतो निझवा नावाच्या गावात. राजधानी मस्कतपासून हे साधारण दीडशे किलोमीटर आत. रस्ता गुळगुळीत, पण दोन्ही बाजूंनी नुसते उघडे डोंगर. आपल्याकडे उन्हाळ्यात डोंगर करपतो, तरी एखादी बोर, एखादी निवडुंगाची रांग असते. इथे दगडाशिवाय काही नाही. वर्षाला पाऊस सुमारे १०० मिलिमीटर. मुंबईत जुलैत एका रात्रीत तेवढा पडून जातो आणि आपण लोकल बंद म्हणून कुरकुरत बसतो. मध्येच एक मैलभर रुंद गोट्यांचं पात्र लागलं. भाचा म्हणाला, "आत्या, ही नदी." मी म्हटलं, पाणी कुठंय? तो म्हणाला, "आलं तर एकदमच येतं." अशा कोरड्या नदीला तिकडे वादी म्हणतात. एप्रिल २०२४ मध्ये अशाच पुरात ओमानमध्ये शाळेतली लेकरं वाहून गेली. पाणी नाही म्हणून मरण आणि पाणी आलं म्हणूनही मरण, असा तो मुलूख.

आणि मग एका वळणावर खाली हिरवंगार दिसलं. अब्यद आणि कलबूह या दोन वाद्या जिथे मिळतात तिथे निझवा वसलंय. खजुराची झाडंच झाडं. त्यांच्या सावलीत लिंबू, केळी, आंबा आणि त्याच्याही खाली लसूणघास. हो, आपलाच लसूणघास, जनावरांना कापून घालतो तो. तीन मजली शेती म्हणा ना. खजूर डोक्यावर ऊन झेलतो म्हणून खालचं जगतं.

हे सगळं कशावर, तर फलजवर. फलज म्हणजे पाट, पण त्याची जात वेगळी. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत खोल विहीर खणायची. तिला म्हणतात फलजची आई. तिथून गावाकडे जमिनीखालून भुयार न्यायचं. उतार इतका थोडा की पाणी धावू नये आणि थांबूही नये. मध्ये मध्ये वरून भोकं, हवेसाठी आणि गाळ काढायला. गावाजवळ भुयार उघड्यावर येतं आणि पुढे दगडी पाट. मोटार नाही, मोट नाही, पाणी आपल्या पायानं चालत येतं. निझव्याच्या मोठ्या फलजचं नाव दारिस. ओमानमधले असे पाच पाट युनेस्कोनं २००६ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवले, त्यात दारिस एक. देशभरात तीन हजारांच्या आसपास फलज अजून चालू आहेत.

हे खणले कुणी? तिकडची जुनी कथा अशी की सुलेमान राजानं जिनांना कामाला लावून दहा दिवसांत दहा हजार फलज खणून घेतले. ऐकून मला हसू आलं. भुयारात कंबर मोडून वाकलेला माणूस विसरला की त्याच्या कामाला जिनाचं नाव लागतं. आपल्याकडेही लेणी एका रात्रीत कुणीतरी खोदली असं सांगणारे आहेतच.

पाण्याची वाटणी बघा. गावात पाणी शिरतं तिथली पहिली जागा पिण्याची. ती कुणा एकाची नाही. वाटसरू असो, परक्या धर्माचा असो, तिथे ओंजळ भरायला कुणी अडवत नाही. त्याच्या खाली मशिदीचं पाणी, मग पुरुषांची आंघोळीची जागा, मग बायकांची आणि त्यानंतर शेतं.

भाच्यानं मला तिथे नेलं. पाणी काचेसारखं होतं, त्यात बोटाएवढे मासे. मी वाकले, आणि हात पाण्यात घालायच्या आधी आपसूक मान वळवून आजूबाजूला पाहिलं. कुणी बघतंय का म्हणून. माझं वय बासष्ट. नळाच्या पाण्यावर वाढलेली मुलंबाळं घरात. तरी मान वळली. माझी आई पाटलाच्या विहिरीवर कडेला उभी राहून, कुणी वरून ओतील म्हणून वाट बघायची, ते माझ्या मानेत कुठेतरी राहिलंय. महाडच्या तळ्याची गोष्ट मी या पानावर किती वेळा लिहिली असेल! लिहिणं वेगळं. भाच्याच्या काही लक्षात आलं नाही. तो म्हणाला, "आत्या, पी ना, गोड आहे." प्यायले.

पण वाचकहो, पुढचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर तिकडे सगळं समतेचं राज्य आहे असं वाटेल. पिण्याचं पाणी सगळ्यांचं, शेतीचं मात्र हिश्शाचं. हिस्सा जमिनीपासून वेगळा. तो विकता येतो, भाड्यानं देता येतो, वारसानं मिळतो. हिश्शाचं माप वेळेचं, एक अथर म्हणजे अर्धा तास. दिवसा काठी रोवून तिची सावली कोणत्या खुणेवर आली ते बघायचं आणि रात्री तारे. अमका तारा डोंगराआडून वर आला की अमक्याची पाळी संपली. आता हातात घड्याळं आहेत, पण जुनी माणसं अजून तारे ओळखतात म्हणे. कारभार बघणाऱ्याला म्हणतात वकील. शब्द आपल्याच ओळखीचा, काम निराळं. त्याच्या हाताखाली पाळ्या वाटणारा अरीफ आणि हिशेबाची वही ठेवणारा. काही हिस्से फलजच्याच नावावर असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून गाळ काढणं, डागडुजी. ज्याला हिस्सा नाही त्यानं लिलावात पाणी घ्यावं.

ताऱ्यांचं ऐकलं आणि माझे वडील समोर उभे राहिले. पांझरेच्या काठी आमच्या गावाला फडाचं पाणी होतं. धुळ्याकडच्या वाचकांना फड सांगायला नको. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी देणारा पाटकरी आणि राखणारा जागल्या. वडील जागल्या होते. रात्र रात्र घोंगडी घेऊन पाटावर. कुठे पाट फुटला, कुणी चोरून बारं धरलं, सगळं त्यांना ठाऊक. मजुरी सुगीला पेंढ्यांत. साऱ्या गावाच्या पाण्याचा हिशेब त्यांच्या डोक्यात होता, आणि त्या पाण्यातलं घमेलंभर आमच्या नावावर नव्हतं. निझव्यातही पाट साफ करणारा, खजुरावर चढणारा तो बीदार. त्याला खजुराचा वाटा मिळे, पाण्याचा हिस्सा नाही. आफ्रिकेतून आणलेले गुलामही त्या मुलखात राबले. गुलामगिरी कायद्यानं बंद झाली १९७० मध्ये, म्हणजे मी शाळेत जात होते तेव्हा.

शुक्रवारी पहाटे भाच्यानं उठवलं, "चल, बाजार बघू." किल्ल्याच्या पायथ्याशी जनावरांचा बाजार भरतो. मध्ये गोल ओटा, त्याच्याभोवती फिरायची वाट आणि पलीकडे पुन्हा माणसांचं कडं. विकणारा बोकडाची दोरी धरून त्या वाटेनं गोल गोल फिरतो आणि ओरडून भाव सांगतो. घेणाऱ्याला वाटलं की तो थांबवतो, दात बघतो, पाठ दाबून बघतो, नाही पटलं तर पुढे जा म्हणून खुणावतो. आपल्याकडे बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात, तिसऱ्याला कळत नाही. इथे सगळं उघड्यावर. तोंडावर टोकदार मुखवटा बांधलेल्या बदाऊन बाया स्वतः शेळ्या घेऊन आल्या होत्या, आणि घासाघीस अशी की पुरुष हात जोडतील. माझ्या डोळ्यांदेखत एक बोकड एकशे तीस रियालला गेला. रुपयांत करायला गेले आणि गप्प बसले, कारण एक रियाल म्हणजे दोनशेच्या वर रुपये. रियालच्या हजाराव्या भागाला तिथे बैसा म्हणतात. तो आपला पैसाच. १९७० पर्यंत त्या देशात रुपया चालत होता. आपल्या रिझर्व्ह बँकेनं १९५९ साली आखातासाठी वेगळा रुपया काढला होता, तो.

नऊ वाजता बाजार उठला. शेजारी खजूर, बहला गावची मडकी, चांदीच्या मुठीचे वाकडे खंजीर आणि हलवा. हा हलवा तांब्याच्या कढईत तासन्‌तास घोटतात, साखर, तूप, केशर, गुलाबपाणी घालून. दुकानदारानं चमचाभर हातावर ठेवला, वर वेलची घातलेला कडू कहवा. कप हलवून दाखवला नाही तर पुन्हा भरतात. मी चार कप प्यायले तेव्हा भाच्यानं ही युक्ती सांगितली.

किल्ला पाहिला. १६५० नंतरच्या दशकातला, भला मोठा गोल बुरूज, बांधायला बारा वर्षं लागली. शत्रूच्या अंगावर उकळता खजुराचा रस ओतायच्या फटी दाखवतात. १९५७ मध्ये इंग्रजांच्या विमानांनी याच किल्ल्यावर रॉकेटं टाकली. मला मात्र किल्ल्यापेक्षा खाली उभ्या शाळेच्या बसमधल्या मुली जास्त बघाव्याशा वाटल्या. १९७० साली साऱ्या देशात तीन शाळा होत्या.

दुपारी खजुराच्या बागेत गेलो. त्या दिवसांत नराच्या फुलाचा तुरा मादीच्या फुलात बांधतात, वाऱ्यावर सोडत नाहीत. एक मुलगा कमरेला दोर अडकवून सरसर वर चढला, आपल्याकडे शिंदीवर चढतात तसा. खाली आला तेव्हा कळलं, बांगलादेशी. मालकाची मुलं मस्कतला नोकरीत. बाग, पाट, गाळ सगळं आता परदेशी मजुरांच्या हातात. हिंदीत बोलला तो माझ्याशी. सहा वर्षांत एकदा घरी गेला होता. पासपोर्ट कुठंय विचारलं तर नुसता हसला.

त्यावरून रात्री भाच्यानं आपली गोष्ट सांगितली. घरी त्यानं कधी कळू दिली नव्हती. पहिली नोकरी किनाऱ्याकडच्या एका ठेकेदाराकडे. पासपोर्ट त्यानं ठेवून घेतला. तीन महिन्यांचा पगार अडकला. दुसरीकडे जायचं तर मालकाची ना-हरकत लागायची, ती तो देईना. एका खोलीत अकरा जण आणि फोनवर आईला सांगायचं, मजेत आहे. ती ना-हरकतीची अट जानेवारी २०२१ पासून गेली, करार संपला की दुसरीकडे जाता येतं. तेव्हा हा निझव्याला आला. २०२३ च्या कामगार कायद्यात तर कामगाराच्या लेखी संमतीशिवाय पासपोर्ट ठेवायलाच मनाई आहे. पण सही करायला कागद पुढे ठेवला की कोण नाही म्हणतो? घरकामाला जाणाऱ्या बाया या कायद्यात येतच नाहीत, हे नळावरच्या त्या दोघींना मुद्दाम सांगते.

आणि हेही. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं. ओमानला कामाला जायचं तर सरकारी परवानगी लागते, करार तपासला जातो. दलाल म्हणतो, कशाला ती कटकट, व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे बघू. तसं गेलेल्याचं कागदावर कामगार म्हणून नावच नसतं.

भावाच्या धाकट्याची दहावी गणितात अडकलेली. दलालानं ऐंशी हजार सांगितले होते, व्हिजिट व्हिसाचे. निघायच्या आदल्या दिवशी मी दारिसच्या कट्ट्यावर पाय सोडून बसले. मासे तळव्यांना टोचत होते. तिथूनच भावाला फोन लावला. म्हटलं, आधी पुरवणीचा फॉर्म भर, मग आयटीआय, मग बोलू. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "थोरला कसा आहे?"

मी भाच्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली. म्हणजे सांगू नकोस.

मी म्हटलं, बरा आहे. पासपोर्ट त्याच्याच पेटीत आहे, मी बघितला.