हिशेब कुठून धरायचा?

बारावीच्या भौतिकशास्त्रात एक गणित ठरलेले असते. दोन धनप्रभारित कण काही अंतरावर धरून ठेवले आहेत. सोडले की ते एकमेकांना ढकलत दूर जातात. फार दूर गेल्यावर त्यांचा वेग किती? पुष्कळ मुले कूलॉमच्या नियमाने बल काढतात, बलावरून त्वरण, आणि मग गतीचे पाठ केलेले समीकरण लावून मोकळी होतात. उत्तर चुकते, कारण ते समीकरण त्वरण बदलत नसेल तेव्हाचे आहे आणि इथे अंतर दुप्पट झाले की बल चौथाईवर येते. मग त्यांना 'युक्ती' सांगितली जाते: बलाच्या भानगडीत पडूच नका, सुरुवातीची स्थितिज ऊर्जा आणि शेवटची गतिज ऊर्जा सारखी मांडा. उत्तर बरोबर येते. माझा आक्षेप 'युक्ती' या शब्दाला आहे. ऊर्जा अक्षय्यता ही पळवाट म्हणून शिकवली की मुलाच्या हाती सूत्र तेवढे पडते. हिशेबात कोणाला धरायचे आणि तो कोणत्या क्षणापासून मांडायचा, हा खरा निर्णय गणित घालणाऱ्याने आधीच घेऊन टाकलेला असतो.

हा निर्णय किती मोलाचा असतो, हे 1938च्या डिसेंबरात दिसले. युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर बेरियम सापडते, असे बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना आढळले होते, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. त्याच वर्षी जर्मनीतून निसटून स्वीडनला आलेल्या लीझ माइट्नर आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यांनी गोथेनबर्गजवळच्या कुंगेल्व गावी, बर्फातून चालता चालता ओंडक्यावर बसून, कागदाच्या कपट्यांवर आकडे मांडले. पाण्याचा थेंब फुटावा तसे केंद्रक फुटून दोन झाले, तर एक बेरियमचे, 56 प्रोटॉनचे, आणि उरलेले क्रिप्टॉनचे, 36 प्रोटॉनचे. दोन्ही धनप्रभारित, जवळजवळ चिकटलेले. एका मीटरचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यातल्या 15 भागांएवढे अंतर दोघांच्या मध्यांत धरू. तेवढ्या अंतरावर प्रतिकर्षणाची स्थितिज ऊर्जा सुमारे 20 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. (त्या क्षणीचे बल साधारण 2000 न्यूटन, म्हणजे धान्याच्या दोन क्विंटल पोत्यांचा भार, आणि तो एका केंद्रकावर!) ही ऊर्जा आली कुठून? माइट्नर यांनी दुसऱ्या बाजूने हिशेब केला. मूळ केंद्रकापेक्षा दोन तुकडे मिळून प्रोटॉनच्या सुमारे एक पंचमांश वस्तुमानाने हलके भरत होते, आणि आइन्स्टाइनच्या सूत्राने तेवढ्या वस्तुमानाची ऊर्जाही 20 कोटींच्याच घरात येत होती. जमा आणि खर्च जुळले. केंद्रक फुटताना नेमके काय होते, ते किती ताणले जाते, मान कुठे बारीक होते, यातले काहीही ठाऊक नसताना विखंडनाचा अर्थ लागला.

इथे जाणकार वाचक अडवील, आणि त्याचे अडवणे रास्त आहे. केंद्रकाला बांधून ठेवणारे बल विद्युत नाहीच, मग नुसत्या विद्युत प्रतिकर्षणाचा हिशेब पुरा कसा? तो फुटण्यापूर्वीच्या काळासाठी पुरा नाहीच. पण केंद्रकीय बलाची धाव अगदी आखूड असते. तुकडे सुटे झाले की त्याची पकड जाते आणि मैदानात प्रतिकर्षण एकटे उरते. खाते त्या क्षणी उघडायचे. आधी उघडले तर नोंदी अपुऱ्या राहतात. फार उशिरा उघडले तर बरीच रक्कम आधीच गतीच्या खात्यात वळती झालेली असते. हे ठरवणे सूत्रात कुठे लिहिलेले नसते.

वाटणीतही हेच. एकूण ऊर्जा जोडीची असते, एकेका कणाची नव्हे. तरी प्रत्येक कणाला पुरी रक्कम देऊन मोकळे होण्याची चूक सर्रास होते. ऊर्जेचा नियम फक्त बेरीज सांगतो. वाटा ठरवायला संवेग अक्षय्यतेला बोलवावे लागते आणि तिचा निवाडा वरकरणी उलटा वाटतो: हलक्याला जास्त. मोजमापेही तेच सांगतात. दोन तुकड्यांकडे मिळून सुमारे 17 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट येतात, त्यांतले 10 कोटींच्या आसपास हलका तुकडा नेतो. उरलेली ऊर्जा न्यूट्रॉन, गॅमा किरण आणि नंतरचा किरणोत्सर्ग यांच्या वाट्याला जाते. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला 1969 पासून ज्या उष्णतेवर वीज बनते, तिचा मोठा भाग म्हणजे हे तुकडे इंधनातल्या अणूंवर आदळून थांबताना निघणारी उष्णता आहे. 'अणुऊर्जा' म्हणून आपण जिला ओळखतो, तिची शेवटची ढकल बऱ्याच अंशी साध्या विजेची असते. पाठ्यपुस्तकातल्या त्या दोन कणांना एवढे मोठे गोत असताना ते दोन ठिपके म्हणूनच का भेटावेत?

या पद्धतीवर आणखी दोन आक्षेप घेतले जातात. एक, 'अनंत अंतरावर' हा निव्वळ कागदी प्रकार आहे. पण स्थितिज ऊर्जा अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दसपट झाले की नऊ दशांश रक्कम वळती झालेली असते आणि शंभरपट झाले की 99 टक्के. विखंडनातले तुकडे शंभरपट दूर गेले, तरी ते अजून एका अणूच्या आकारमानाच्या आतच असतात. हा अनंत उंबरठ्यापाशीच आहे. दुसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो: ऊर्जा 'किती वेग' सांगते, 'किती वेळात' सांगत नाही. वेळ हवा असेल तर बलाकडे परतून किंवा वाटेतला वेग घेऊन कलनाची मेहनत करावी लागेल. म्हणून बलाची वाट टाकून द्या, असे मी म्हणत नाही. कोणत्या प्रश्नाला कोणती वाट, हे मुलाने स्वतः ओळखावे.

राहिली परीक्षा. सीईटीत मिनिटभरात पर्याय निवडायचा असतो, तिथे एवढा विचार कोण करणार, असे शिक्षक म्हणतात, आणि घड्याळ त्यांच्या बाजूने आहे. पण बोर्डाच्या लेखी परीक्षेला ती घाई नाही. तिथे आकडेमोड नसलेला एखादा प्रश्न घालता येईल: एक कण खिळवून ठेवला आणि दुसरा सोडला, तर सुटलेल्या कणाला सगळी ऊर्जा मिळते, दोन्ही सोडले तर ती वाटली जाते, मग पहिल्या वेळी संवेगाचा नियम का लावता येत नाही? उत्तर दोन ओळींचे आहे: खिळ्याने दिलेले बल बाहेरचे आहे, पण खिळा हलत नसल्याने ते बल कार्य करत नाही, म्हणून ऊर्जा टिकते आणि संवेग टिकत नाही. त्या दोन ओळींना तीन गुण द्यायला हरकत नाही.