शेंद्र्याची की चाकणची?

आपल्या शहरात जुनी फॅबिया विकायला निघाली की एक प्रश्न अजूनही येतोच: शेंद्र्याची आहे की चाकणची? विचारणाऱ्याला उत्तराचं नेमकं काय करायचं असतं हे पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसतं. तरी प्रश्न रास्त आहे. छोटी गाडी घेणारा माणूस बहुधा आयुष्यातली दुसरी-तिसरी मोठी खरेदी करत असतो. गाडी कधी आणि कुठे तयार झाली, हे जाणून घेण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. माझी तक्रार एवढीच, की हा प्रश्न आपण अर्धवट विचारतो, आणि उत्तर देण्याची सक्ती कुणावरच नाही.

फॅबियाचंच उदाहरण घेऊ. शेंद्र्याच्या स्कोडाच्या कारखान्यात 2001 पासून ऑक्टाव्हिया जोडली जात होती. जानेवारी 2008 मध्ये फॅबिया भारतात आली, तीही तिथेच जोडली जाऊ लागली. 31 मार्च 2009 रोजी चाकणला फोक्सवॅगन समूहाच्या नव्या कारखान्याचं उद्घाटन झालं. तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी स्कोडाची फॅबियाच होती. पोलोचं उत्पादन त्या वर्षाच्या अखेरीस सुरू झालं. 2010 मध्ये फॅबियाचं रूप थोडं बदललं, 2013 मध्ये ती बंद झाली. एवढ्या थोड्या काळात एकाच नावाची गाडी दोन कारखान्यांतून आणि दोन रूपांत आली. तिच्याबद्दल दोन उलटसुलट समजुती रुजल्या यात नवल नाही.

पहिली समजूत अशी की शेंद्र्याची गाडी भक्कम, कारण तिचे भाग बाहेरून यायचे. चाकणला देशी भाग लागले आणि गाडी उतरली. दुसरी नेमकी उलटी: शेंद्र्यात नुसते नटबोल्ट आवळायचे, खरा कारखाना चाकणचा. दोन्हींत थोडं तथ्य आहे, आणि दोन्हींत आपल्याच कामगारावर नाहक ठपका आहे. तो मला खटकतो.

गाडी किटमधून जोडली जाते तेव्हा इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, डॅशबोर्ड असे मोठे भाग परदेशातल्या पुरवठादारांकडून तयार होऊन येतात. ते पुरवठादार तोच भाग वर्षानुवर्षं बनवत असतात, त्यामुळे भागात खोट निघण्याचा संभव कमी. अशा गाडीत चूक राहिली तर ती जोडणीत राहते. बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळलेला नसतो, वायरिंगचा जुडगा पत्र्याच्या कडेला घासत असतो, दाराचं रबर नीट न बसल्याने पावसात पायाखाली पाणी येतं. अशा खोडी लवकर उघड होतात आणि चांगला फिटर त्या काढूही शकतो.

चाकणसारख्या कारखान्यात पत्रा दाबण्यापासून वेल्डिंग, रंग आणि शेवटची जोडणी असं सगळं होतं, आणि देशी पुरवठादारांची सगळी साखळी नव्याने उभी राहते. कुणी सस्पेन्शनची बुशं देतं, कुणी प्लास्टिकचे क्लिप, कुणी रबरी होज. यातला प्रत्येक जण पहिल्या वर्षी शिकत असतो. साचा नवा असतो, कच्चा माल वेगळा असतो, मापं कागदावर बरोबर असली तरी हजाराव्या नगाला थोडी सरकतात. वाळूज आणि चिकलठाण्याच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी जन्म काढला त्यांना हे सांगायला नको. दोन-तीन वर्षांत ही साखळी मुरते आणि तोच भाग चोख येऊ लागतो. म्हणून नकाशावरच्या गावापेक्षा त्या गावात ती गाडी किती दिवसांपासून बनते आहे, याला मी जास्त वजन देतो. नव्या लाइनवरची पहिली गाडी मी घेणार नाही, मग ती लाइन चाकणला असो, चेन्नईला असो किंवा जर्मनीत असो.

टाटांची इंडिका आठवा. पुण्यात बनलेली ही गाडी डिसेंबर 1998 मध्ये बाजारात आली आणि बुकिंगला झुंबड उडाली. पहिल्या लॉटच्या गाड्यांबद्दल तक्रारीही तितक्याच आल्या. कंपनीने त्या मनावर घेतल्या, गाडीत सुधारणा केल्या आणि 2001 मध्ये इंडिका व्ही2 आणली. पुढे वर्षानुवर्षं मराठवाड्यातल्या टॅक्सीवाल्यांनी हीच गाडी लाखो किलोमीटर पळवली. कारखाना तोच होता आणि पुणेही तेच. मधल्या दोन-अडीच वर्षांत कंपनीही शिकली आणि पुरवठादारही शिकले.

कंपन्यांना हे सगळं नीट माहीत असतं. गाडी परत बोलावण्याची घोषणा कधी बारकाईने वाचून पाहा. जानेवारी 2023 मध्ये मारुतीने 17,362 गाड्या एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी परत बोलावल्या. त्यात ऑल्टो के10, एस-प्रेसो, बलेनो अशा छोट्या गाड्या होत्या. मुदत होती 8 डिसेंबर 2022 ते 12 जानेवारी 2023 या काळात तयार झालेल्या गाड्यांची. जेमतेम पाच आठवडे! म्हणजे कोणत्या दिवशी, कोणत्या लॉटचा, कुणाचा भाग कोणत्या गाडीत गेला याची नोंद कंपनीकडे असते. आपल्याला मात्र आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष, एवढंच मिळतं. गाडी कोणत्या कारखान्यात बनली, हे आरसी सांगत नाही.

त्या महिना-वर्षाकडेही आपण पुरेसं लक्ष देत नाही. 'पासिंग कधीचं?' एवढं विचारून मोकळे होतो. पासिंग जानेवारी 2020 चं आणि गाडी मे 2019 ची, असं सर्रास असतं; डिसेंबरमध्ये शोरूमवाले जी घसघशीत सूट देतात, ती यासाठीच. एरवी यात फार बिघडत नाही, पण त्या दोन तारखांच्या मध्ये कायदा बदलला असेल तर बिघडतं. 1 जुलै 2019 पासून प्रत्येक गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, शेजारच्या सीटची जुन्या मॉडेलांना 31 डिसेंबर 2021 पासून. एबीएस एप्रिल 2019 पासून आलं. वर्षाचा आकडा तोच असला तरी फेब्रुवारीची गाडी आणि ऑगस्टची गाडी यांत माणसाच्या जिवाचा फरक असू शकतो.

चाकणच्याच पोलोवर हा फरक मोजला गेला आहे. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतीय छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. एअरबॅग नसलेल्या पोलोला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. पत्रा तोच, वेल्डिंग तेच, कामगार तेच. त्यानंतर कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो विकणं बंद केलं. म्हणून कुणी 2013 ची पोलो आणि 2015 ची पोलो दहा-वीस हजारांच्या फरकावर तोलायला लागलं की मी आवर्जून थांबवतो.

जुन्या बाजारात माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी काही जागा दाखवतो. सीटबेल्ट पूर्ण ओढला की तळाशी कापडी पट्टी दिसते, तिच्यावर बेल्ट बनल्याची तारीख असते. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीच्या खुणेजवळ वर्षाचा आकडा आणि ठिपके असतात. एक काच बाकीच्यांपेक्षा दोन वर्षं पुढची निघाली तर ती का बदलली, हे विचारायचं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 3418 म्हणजे 2018 चा चौतिसावा आठवडा. मग चॅसिस नंबर पाहायचा. सतरा अक्षरांच्या या नंबरात गाडीचं वर्ष आणि कारखाना सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची पद्धत आहे. कोणतं अक्षर कशासाठी, हे कंपनीगणिक थोडं बदलतं. तो नंबर अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिला की ते कारखाना सांगू शकतात आणि परत बोलावण्याचं एखादं काम बाकी आहे का, हेही. परवा एका एमएच 20 गाडीचे चारही बेल्ट एका महिन्याचे निघाले, पण पुढची काच तीन वर्षं नवी. विकणाऱ्याने लगेच सांगितलं, समृद्धीवर खडी लागली होती. बिल होतं. गाडी घेतली गेली.

पण ही शोधाशोध गिऱ्हाईकाने का करायची? अमेरिकेत 1992 च्या कायद्याने नव्या गाडीच्या काचेवर चिठ्ठी लावणं बंधनकारक झालं. शेवटची जोडणी कोणत्या शहरात झाली, इंजिन आणि गिअरबॉक्स कोणत्या देशाचे, किती टक्के भाग अमेरिका-कॅनडाचे, हे सगळं तिच्यावर छापलेलं असतं. आपल्याकडे तूरडाळीच्या पिशवीवर पॅकिंग कुठे झालं हे छापावं लागतं. दहा लाखांच्या गाडीलाही तेवढा नियम हवा. शोरूममधल्या प्रत्येक गाडीवर कारखान्याचं गाव, उत्पादनाची तारीख आणि देशी भागांचं प्रमाण असावं, आणि तोच तपशील आरसीच्या नोंदीत कायम राहावा. म्हणजे दहा वर्षांनी तिसऱ्या मालकालाही तो दिसेल.

यात कंपन्यांचं नुकसान नाही, आणि आपल्या शहराचा तर फायदाच आहे. शेंद्र्यात आजही कोडियाक आणि ऑडीच्या गाड्या जोडल्या जातात. लाखो रुपयांच्या या गाड्या इथली आयटीआय झालेली मुलं-मुली हाताळतात, हे त्या गाड्या घेणाऱ्या कित्येकांना माहीतही नसतं. जुलै 2024 मध्ये टोयोटाने राज्य सरकारशी करार केला. बिडकीनला सुमारे 20 हजार कोटींचा कारखाना उभा राहायचा आहे. तिथली लाइन सुरू होईल तेव्हा पहिल्या वर्षाच्या गाड्यांत काही खोडी राहतील, जशा कुठेही राहतात. त्या वेळी 'बिडकीनची आहे, नको' असं कुणी म्हणू लागलं तर त्याला उत्तर द्यायला आकडे हातात हवेत: लाइन कधी सुरू झाली, पहिल्या वर्षी किती गाड्या परत बोलावल्या, तिसऱ्या वर्षी किती. चिठ्ठीची आणि या आकड्यांची मागणी मराठवाड्याच्या उद्योजक संघटनांनी आत्ताच परिवहन मंत्रालयाकडे लावून धरली पाहिजे. कारखाना उभा राहायला अजून वेळ आहे. नियम व्हायलाही तेवढाच लागेल.