नांगरलेल्या होड्या

तापीच्या मुखाजवळ नांगरलेल्या होड्यांचे एक जलरंगचित्र आमच्या संग्रही आहे. पेन्सिलीच्या काही सैल रेषा, त्यांवर पातळ रंगाचे दोनतीन हात. डोलकाठ्या अर्ध्यावर सोडलेल्या आणि पाण्याच्या जागी बहुतेक कोराच कागद. पाहणारे विचारतात, "हे पुरे कधी व्हायचे?" आमच्या मते ते पुरे झालेले आहे.

जलरंगात उजेड दाखवावयाचा तर कागद मोकळा सोडावा लागतो. तैलरंगाप्रमाणे चुकलेली जागा मागाहून झाकता येत नाही. शिवाय होडी चित्रकारासाठी थांबत नाही. भरतीत ती दोर ताणून वळते, ओहोटीत चिखलावर कलंडते. तपशील भरीत बसणाऱ्याच्या चित्रात एका घटकेचे पाणी आणि दुसऱ्या घटकेची होडी येते. म्हणून ही सैल रेषा आळसाची नव्हे. जेवढे दिसले तेवढेच सांगण्याचा तो संयम आहे.

होड्यांखालचा तपकिरी पट्टा आम्हांस विशेष प्रिय वाटतो. मुलताईस उगम पावून, खानदेश ओलांडून आलेल्या तापीचा तो गाळ. या उथळ मुखामुळेच मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. ती सुवालीस थांबत आणि माल लहान होड्यांतून वर येई. १६०८ साली इंग्रजांचे 'हेक्टर' जहाजही नदीबाहेरच नांगरले होते. मुघलांच्या या वैभवशाली बंदराचा भार असा लहान होड्यांनी वाहिला. त्यांच्या नावाड्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

आपल्या घराण्यांच्या कहाण्यांचेही असेच आहे. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसास आपला मूळपुरुष थेट १६६४ च्या स्वारीशी नेऊन भिडविण्याचा मोह पडतो. परंतु शिवाजी महाराजांचे सैन्य तर थोड्याच दिवसांत परत फिरले होते! नोकरीसाठी वा हातमाग-यंत्रमागाच्या कामासाठी खानदेशातून तापीच्याच वाटेने आलेला एखादा आजोबा सांगण्यास आपण का संकोचावे? त्याची वळकटी आणि त्याची पहिली खोली एवढेच ठाऊक असेल, तर तेवढेच मुलांना सांगावे. उरलेला कागद कोरा राहू द्यावा. उजेड तेथूनच येतो.