चार मिलिमीटरचा दाखला

पाळी कायमची गेल्यावर एकदा जरी अंगावरून रक्त गेले तरी त्याची चौकशी झालीच पाहिजे, हा नियम आपल्या व्यवसायात सर्वांस मुखोद्गत आहे. परंतु सोनोग्राफीच्या अहवालात 'अंतःस्तर चार मिलिमीटर' ही ओळ दिसताच तो विस्मृतीत जातो, आणि ज्या आकड्याने चौकशीची केवळ दिशा ठरवावयाची, त्याच्याच हवाल्यावर प्रकरण दप्तरदाखल होते.

आकड्याची मातब्बरी निराधार आहे, असे नव्हे. रक्तस्राव झालेल्या स्त्रीच्या योनिमार्गे केलेल्या तपासणीत अंतःस्तराची दुहेरी जाडी चार मिलिमीटर वा त्याहून कमी भरली, तर कर्करोग नसण्याची शक्यता 99 टक्क्यांहून अधिक, असे अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली नमूद केले आहे. त्यामुळे पुष्कळ स्त्रियांची पहिली बायोप्सी टळते, हा लाभ लहान नाही. मात्र तो अंतःस्तर आदीपासून अंतापर्यंत स्पष्ट दिसला असेल तरच हा दाखला वैध. फायब्रॉइडने विरूप झालेल्या गर्भाशयात, किंवा भरलेल्या मूत्राशयातून पोटावरूनच घेतलेल्या अंधूक चित्रात, कोठेतरी दोन टोके धरून मोजलेल्या आकड्याला आम्ही अंदाजापलीकडे किंमत देत नाही. गर्भाशयाच्या कर्करोगामुळे शस्त्रक्रिया झालेल्या 210 कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रियांपैकी 24 जणींची जाडी पाच मिलिमीटरच्या आत होती, हा 2024 सालचा निष्कर्ष फायब्रॉइडचे प्रमाण मोठे असलेल्या समाजांपुरता तरी गांभीर्याने वाचावयास हवा. शिवाय सीरस जातीचा दुष्ट अर्बुद क्षीण, पातळ अंतःस्तरातही उद्भवतो.

उलट, रक्तस्राव नसलेल्या स्त्रीस हाच मापदंड लावणे हा दुसरा अतिरेक. रजोनिवृत्त स्त्रियांच्या विस्तृत ब्रिटिश पाहणीत (2011) 5.15 मिलिमीटरची मर्यादा धरता सुमारे 80 टक्के कर्करोग हाती लागले खरे, पण रोग नसलेल्या दर शंभर स्त्रियांमागे सुमारे चौदा जणी नाहक संशयित ठरल्या. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीचा अंतःस्तर तर औषधानेच जाड भासतो. लक्षण नसता तिची वारंवार सोनोग्राफी करण्याने चिंता आणि खर्च तेवढा वाढतो.

आणखी एक गोष्ट, जी लिहिण्याची वेळ यावी याचाच विषाद वाटतो. आपल्याकडे गर्भाशयमुखाचा कर्करोग गर्भाशयाच्या कर्करोगाहून अधिक आढळतो. तरीही स्पेक्युलम न लावताच रुग्णास सोनोग्राफीची चिठ्ठी देण्याचा प्रघात पडला आहे.

सबब सोनोग्राफी करणाऱ्या सहव्यावसायिकांस विनंती अशी, की रक्तस्राव झाला होता किंवा कसे, तपासणी कोणत्या मार्गे केली, अंतःस्तर संपूर्ण दिसला काय, आणि पोकळीत द्रव असल्यास तो वगळून माप घेतले काय, एवढा तपशील अहवालात असावा. अंतःस्तर न दिसल्यास 'दिसला नाही' असाच शेरा निःसंकोच मारावा. आणि चिकित्सकांनी, आकडा कितीही लहान असो, रक्त पुन्हा गेल्यास ऊतक तपासणीस पाठवावे. गरज पडल्यास हिस्टेरोस्कोपी करावी.