दोडामार्ग तालुक्यातील व्हाळ व त्यांच्या काठचे जंगल राखण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सिंधुदुर्ग.

विषय : व्हाळांच्या पाणलोटातील जंगलतोड व उतारकटाई थांबवून जमिनीतील कार्बन जपण्याबाबत.

महोदय,

आम्ही दोडामार्ग तालुक्यातील शेतकरी व बागायतदार खालील बाब आपल्या निदर्शनास आणू इच्छितो.

तिळारी खोऱ्यात रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी डोंगरउतारांवरचे जंगल तोडून जाळले जाते, उतार यंत्राने कापले जातात. याची झळ सर्वांत आधी व्हाळांना, म्हणजे ओढ्यांना, बसते. व्हाळ नुसते पाणी वाहून नेत नाही. जंगलातला पालापाचोळा आणि मातीत मुरलेला कार्बन त्याच्यात उतरतो. त्यातला काही बुरशी, किडे व खेकडे यांच्या पोटात जातो, काही वायुरूपाने हवेत मिसळतो, उरलेला पुढे समुद्राकडे जातो. जगातील ओढे-नद्यांतून दरवर्षी सुमारे 180 कोटी टन कार्बन हवेत जातो, असा अंदाज 2013 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हा व्यवहार निसर्गाचाच आहे. पण जंगल उभे असेल तर जेवढा कार्बन जातो, तेवढा झाडे आणि माती पुन्हा धरून ठेवतात. उतार उघडा पडला की वर्षानुवर्षे साठलेली सुपीक माती पहिल्याच मुसळधार पावसात वाहून जाते आणि तिळारी धरणात गाळ होऊन बसते. तळाच्या गाळात प्राणवायू न मिळाल्याने मिथेन तयार होतो. काठची सावली गेल्याने पाणी तापते आणि कुजण्याचा वेग वाढतो.

याच तालुक्यातील बांबर्डे येथील रानजायफळाची दलदल व्हाळाच्याच पाण्यावर जगते. कायम ओल्या मातीत पालापाचोळा सावकाश कुजतो, म्हणून तिथे कार्बन टिकून राहतो. शासनाने 2021 साली या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. मात्र वरचा पाणलोट उघडा पडला, तर केवळ दर्जाने दलदल वाचणार नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार ओढ्या-नाल्यांचे पात्र शासनाच्या मालकीचे आहे. म्हणून आमच्या मागण्या अशा :

1. तालुक्यातील बारमाही व हंगामी व्हाळांची मोजणी करून गावनकाशावर नोंद घ्यावी.
2. दोन्ही काठांना किमान 30 मीटर पट्ट्यात वृक्षतोड, जाळपोळ व यंत्राने उतारकटाई बंद करावी. अल्पभूधारकांच्या जुन्या काजू-सुपारीच्या बागांना यातून वगळावे.
3. सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने 2013 साली घातलेल्या बंदीची महसूल व वन विभागाने संयुक्तपणे अंमलबजावणी करावी. तक्रार आल्यावर सात दिवसांत पंचनामा व्हावा.
4. ग्रामसभा व जैवविविधता व्यवस्थापन समिती यांच्या मताशिवाय व्हाळांचे खोलीकरण, रुंदीकरण करू नये.
5. बांबर्डेच्या दलदलीच्या संपूर्ण पाणलोटाला संरक्षण द्यावे.
6. उघड्या काठांवर रोजगार हमी योजनेतून स्थानिक झाडे लावावीत.
7. एखाद्या विद्यापीठाच्या मदतीने पाण्यातील गाळ, तापमान व सेंद्रिय कार्बन यांची दर पावसाळ्यात मोजणी करून आकडे ग्रामपंचायतीत लावावेत.

तिळारीचे पाणी पुढे गोव्यात जाते, त्यामुळे इथल्या निष्काळजीपणाचा भार शेजारच्या राज्यावरही पडतो. एकदा वाहून गेलेली माती आमच्या हयातीत परत तयार होणार नाही. तरी येत्या पावसाळ्यापूर्वी संबंधित विभागांची व ग्रामस्थांची संयुक्त बैठक बोलावून वरील मागण्यांवर लेखी निर्णय द्यावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
दोडामार्ग तालुक्यातील शेतकरी व बागायतदार

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
1. मा. उपवनसंरक्षक, सावंतवाडी
2. मा. तहसीलदार, दोडामार्ग